हिराजीच्या चपला

लॅबमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाला लोक एकच प्रश्न विचारतात, "रोज रक्त बघून कसंतरी होत नाही?" नाही होत. रक्ताचं काही वाटत नाही. ट्यूब भरली, स्टिकर लावलं, मशीनमध्ये ठेवली, संपलं. कसंतरी होतं ते नंतर, रिपोर्ट न्यायला आलेली माणसं काउंटरवर दोन मिनिटं बोलत उभी राहतात तेव्हा. सॅम्पल आम्ही काही दिवस ठेवतो आणि टाकून देतो. किस्से टाकायची काही सोय नाही, ते साठतच जातात. नावं अर्थात बदलली आहेत. शिरीषचं सोडून, त्याला चालतं.

आमची लॅब पनवेलच्या जुन्या गावात, टपाल नाक्याच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, जिना दगडी. कोण येतंय ते दार उघडायच्या आधी पायांवरून कळतं. माणसं चार. मॅडम, म्हणजे डॉक्टर आणि लॅबच्या मालकीण. शिरीष, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान टेक्निशियन. ताराबाई, लादीपासून चहापर्यंत सगळं बघणाऱ्या. आणि मी.

आमच्याकडे हॉर्मोनचं मशीन आहे, म्हणून खारघर, तळोजा, उरण, कुठकुठून सॅम्पल येतात. या मशीनला नुसतं नाव-वय टाकून भागत नाही, पुरुष की स्त्री तेही टाकावं लागतं. पुरुषाचं नॉर्मल वेगळं, बाईचं वेगळं. तोच आकडा एकाच्या रिपोर्टवर काळा छापून येतो आणि दुसऱ्याच्या रिपोर्टवर लाल. शिरीष नवा होता तेव्हा एकदा त्याचं बोट चुकलं आणि तळोज्याच्या एका धडधाकट वॉचमनचा रिपोर्ट बाईच्या रेंजमध्ये लालेलाल होऊन गेला. वॉचमन चार दिवस कामावर गेला नाही. घरी आरशासमोर बसून होता म्हणे.

मॅडम तेव्हा शिरीषला म्हणाल्या, "हॉर्मोन नुसतं पत्र टाकतं रे. उघडून वाचतात ते घरचे." मला ते टाळी घ्यायचं वाक्य वाटलं होतं. आता तसं वाटत नाही.

*

ताराबाई ओवे गावच्या. त्यांचा नवरा हिराजी तळोज्याला केमिकल कंपनीत होता. तिथे डाव्या पायावर ड्रम पडला, तेव्हापासून तो पाय जरा ओढत चालायचा. चपला चामड्याच्या, चांभाराकडून करून घेतलेल्या, खाली लोखंडी खिळे.

"त्या चपला गल्लीन वाजल्या का आमाला घरान कलायचा," ताराबाई एकदा चहा गाळता गाळता म्हणाल्या. "डावा पाय हलका पडला का जेवून झोपनार. जड पडला का मग काय खरा नाय. मी पोरांना बोलाची, आज कोनी बोलू नका."

एसटीचं टाइमटेबल सांगावं तसं त्यांनी सांगितलं. तीस वर्षं त्या बाईने हेच केलं होतं, कान गल्लीकडे लावून स्वयंपाक. कधी कोपराजवळ काळंनिळं दिसायचं. मी बघितलंय असं कळलं की त्या पदर ओढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "दाराला लागला." आम्ही तिघं शिकलेली माणसं. तिघांनीही कधी पुढचा प्रश्न विचारला नाही. याची मला लाज वाटते, ती इथेच सांगून टाकतो.

मग हिराजीला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. वेळेवर सापडला होता. त्यावर दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन असतं, पुरुषाचं हॉर्मोन शरीरात तयारच होऊ न देणारं. ते सुरू झालं. त्याचं रक्त अर्थात आमच्याकडेच यायचं.

*

आता एका लहान मुलीचं ऐका. नवीन पनवेलचं कुटुंब, नवरा-बायको दोघं नोकरीवाले, घरी आजी. मुलगी तीन वर्षांची. तिचा आवाज घोगरा झाला, हातापायांवर लव वाढली, आणि राग असा की हातातली वाटी समोरच्याच्या तोंडावर जायची. वर्षापूर्वी आजोबा गेले होते. तेही असेच, वाटी भिरकावणारे.

आजीने ठरवून टाकलं की अप्पा परत आले. मुलीला अप्पाच म्हणायला सुरुवात झाली. जेवायला अप्पांची खुर्ची, चार उशा टाकून. भाजी कुठली करायची ते तिला विचारायचं. बाजारात निघताना तिच्या पाया पडायचं. ती तीन वर्षांची पोर "जा" म्हणायची, मग सगळे जायचे.

रक्तात पुरुषाचं हॉर्मोन सापडलं. वयात येणाऱ्या मुलासारखा आकडा. मॅडमनी बापाला आत बोलावलं आणि विचारलं, "घरात कोणी खांद्याला काही चोळतं का?" बाप आधी लाजला. त्याचं स्वतःचं हॉर्मोन कमी होतं, म्हणून डॉक्टरांनी जेल दिलं होतं. सकाळी आंघोळीनंतर तो खांद्यांना चोळायचा. आणि मग मुलीला खांद्यावर घेऊन बाल्कनीत उभा राहायचा, ती शाळेच्या व्हॅनला टाटा करायची. त्या उघड्या खांद्यावर तिचा गाल रोज अर्धा तास.

जेल बंद झालं. दोन-तीन महिन्यांत आकडा उतरला, राग उतरला. बाप पेढे घेऊन आला. मी विचारलं, "आजी काय म्हणतात?" तो म्हणाला, "आई म्हणते, जेल खरं. पण अप्पांची उजवी भुवई उडायची तशी हिची उडायची, ती कुठल्या जेलमधली?"

तो जिन्यापर्यंत गेला आणि परत आला. म्हणाला, "आता अप्पा म्हटलं की ती पलंगाखाली जाऊन बसते. आम्ही बंद केलंय म्हणायला. पण आई चुकून म्हणते."

*

हिराजीच्या तिसऱ्या इंजेक्शनानंतरची गोष्ट. ताराबाई सकाळी आल्या आणि हसत सुटल्या. ही बाई आवाज काढून हसू शकते हे मला तोवर माहीत नव्हतं.

हिराजीला अंगातून गरम वाफा यायला लागल्या होत्या. एकदम घाम, एकदम थंडी. तो घाबरला, आता मरतो म्हणाला. ताराबाईंना बघता क्षणी कळलं. दोन वर्षांपूर्वी, पाळी गेली तेव्हा, त्यांना हेच व्हायचं. तेव्हा त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी नवऱ्याला पंख्याखाली बसवलं, मानेवर ओलं फडकं ठेवलं आणि सांगितलं की घाबरू नका, पाच मिनिटांत जातं. "तीस वर्सांन पयल्यांदा आमी दोगा बसून बोललो," त्या म्हणाल्या. "कशावर बोललो, तर घामावर."

मग एकेक बातमी येऊ लागली. हिराजी टीव्ही बघून रडतो. हिराजीने पोरीला फोन केला, तिला नीट बोलता येईना इतकी ती दचकली. हिराजी तांदूळ निवडतो. त्याच्या पायांना सूज यायची, म्हणून त्या खिळ्यांच्या चपला घालता येईनात. त्याने मऊ रबरी घेतल्या. चामडं अजून मजबूत होतं, टाकायचं कशाला, म्हणून जुन्या चपला ताराबाईंनी पायात घातल्या. पुढे चिंध्या कोंबल्या होत्या तरी मोठ्याच व्हायच्या.

एके दुपारी त्यांनी रिपोर्ट हातात घेऊन मला विचारलं, "हा लाल आकडा म्हंजी काय?"

मी सांगितलं, पुरुषाचं हॉर्मोन. अगदीच कमी आहे, औषधामुळे.

"बाईचा असतं का अंगान?"

"असतं. थोडं असतं."

"मग माजा जास्ती हाय का त्याचा?"

मी आकडा परत बघितला. खरं सांगायचं तर बाईचाच जास्त निघाला असता. तसं सांगितलं. ताराबाईंनी लाल आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "म्हंजी आमचे घरान आता बाप्या मी."

शिरीष टेबलावर डोकं ठेवून हसला. त्या मात्र हसल्या नव्हत्या.

*

शिरीषचंच सांगतो. त्याच्या बायकोला आई नाही, माहेर म्हणावं असं कोणी नाही. त्यामुळे पहिलं बाळंतपण सासरीच, कामोठ्याच्या वन बीएचकेमध्ये. त्याच वेळी त्याच्या मोठ्या भावाची बायकोही गरोदर, पण ती रीतीप्रमाणे सातव्या महिन्यात माहेरी कराडला गेली.

शिरीषला नसता उद्योग. त्याने भावाला लॅबमध्ये आणलं आणि दोघांचं रक्त घेतलं, बाळं व्हायच्या आधी एकदा आणि नंतर तीन महिन्यांनी एकदा. शिरीष नंतर रोज मुलीला आंघोळ घालत होता, छातीवर झोपवत होता. त्याचं पुरुषाचं हॉर्मोन बऱ्यापैकी खाली आलं होतं. भावाने मुलगा फक्त व्हिडिओ कॉलवर बघितला होता. त्याचा आकडा जिथल्या तिथे.

"म्हणजे बाप होऊन उपयोग नाही," मॅडम म्हणाल्या, "मूल हातात यावं लागतं. रक्तालासुद्धा बातमी तेव्हाच लागते."

इथवर ठीक होतं. पण मग शिरीष सॅम्पल फिरवता फिरवता मध्येच थांबायला लागला. हातातलं काम खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "उठली." दोन मिनिटांत घरून बायकोचा फोन यायचा, आत्ताच उठली म्हणून. कामोठ्यात उठली, पनवेलला कळलं! पहिल्या दोन-तीन वेळा आम्ही चिडवलं. नंतर चिडवणं बंद झालं. एकदा तो "उठली" म्हणाला, मान तिरकी करून थांबला आणि हळूच म्हणाला, "नाही, कोणीतरी घेतलं तिला." बायको भाजी आणायला गेली होती, मुलीला शेजारच्या काकूंनी उचललं होतं.

माझी मुलगी माझ्या सासुरवाडीला चिपळूणला झाली. मी तिला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा ती साडेतीन महिन्यांची होती आणि ओरडून ओरडून लाल झाली होती. आता ती कॉलेजात आहे. चांगलं आहे आमचं. पण तिला काही सांगायचं असलं की ती खोलीत येते, मला बघते आणि विचारते, "आई कुठेय?" शिरीषचे ते दोन रिपोर्ट मी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवले आहेत. का ठेवलेत ते मला नीट सांगता येणार नाही.

*

चिरनेरकडची एक बाई होती, चाळिशीची. तिच्या अंगात देवी यायची. नवरात्रात आवाज बदलायचा, जाडाभरडा व्हायचा, आणि त्या आवाजात ती निवाडे द्यायची. बांध कोणाचा, विहिरीचा वाटा कोणाचा. एरवी तिला घरात कोणी भाजीत मीठ किती हेही विचारत नसे. त्या नऊ दिवसांत चुलत सासरे समोर उकिडवे बसायचे.

एका वर्षी नवरात्र संपलं आणि आवाज परत गेलाच नाही. दिवाळी झाली, संक्रांत झाली, आवाज तोच. हनुवटीवर केस आले. गाव वर्षभर उकिडवं बसू लागलं. भावकीतली दोन जुनी भांडणं मिटली.

तिच्या भाचीने जबरदस्तीने आमच्याकडे आणलं. आकडा इतका वर होता की मशीन बिघडलं असेल म्हणून मी सॅम्पल दुसऱ्यांदा लावलं. पोटात गाठ होती, पुरुषाचं हॉर्मोन तयार करणारी. मॅडमनी समजावून सांगितलं की काढावी लागेल, नाहीतर जिवाला धोका आहे. ती शांतपणे ऐकत होती. जीव वाचेल का, पोटावर केवढी खूण राहील, काही विचारलं नाही. एकच विचारलं.

"आवाज ऱ्हाईल?"

मॅडम म्हणाल्या, राहील. केस कमी होतील, बाकी सगळं उतरेल, पण एकदा फुटलेला आवाज मागे जात नाही.

"मग काढा," ती त्या आवाजात म्हणाली. मी स्टुलावरून उठून उभा राहिलो होतो. कशासाठी उठलो ते मला माहीत नाही.

*

खांदा कॉलनीतला एक जिमचा ट्रेनर. कुठूनतरी इंजेक्शनं आणून स्वतःच टोचून घ्यायचा. अंगात नुसती आग असते म्हणायचा. त्या आगीत बायको माहेरी गेली, नोकरी सुटली, आणि एके दिवशी जेवणाच्या ताटावरून त्याने सख्ख्या भावाचा हात मोडला. तेव्हा घाबरून तपासायला आला.

बाहेरून हॉर्मोन टोचलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, ते रक्तात लगेच दिसतं. याच्या रक्तात तसलं काहीच नव्हतं. सगळे आकडे काळे, कोणाही तिशीतल्या पुरुषाचे असावेत तसे. मॅडमनी उरलेली बाटली ओळखीच्या एका केमिस्टकडे बघायला दिली. निव्वळ तेल निघालं. खायचं.

मॅडमनी हसत सांगितलं की बाबा, तुझ्या अंगात काहीही गेलेलं नाही. त्यांना वाटलं, सुटेल बिचारा. त्याने आपले दोन्ही हात पुढे धरून बघितले.

"मग मॅडम," त्याने विचारलं, "भावाचा हात मी कशाने मोडला?"

*

दीड वर्ष झालं आणि हिराजीच्या डॉक्टरांनी सांगितलं, या वेळी प्रोस्टेटचा आकडा अमक्याच्या खाली आला तर इंजेक्शनला सुट्टी देऊ. शरीराला विश्रांती हवी, हाडं ठिसूळ होतात. वाढला तर परत सुरू करू. नेहमीची पद्धत आहे ही.

ते रक्त लावायचं होतं त्या दिवशी ताराबाई नेहमीपेक्षा लवकर आल्या. मी मशीन चालू करत होतो. त्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, यांचा तो आकडा जरा वाढवून लिवा."

"का हो?"

"कमी आला तर सुई बंद करनार. सुई बंद झाली का तो परत येल."

"कोण?"

मी वेडा असल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "माजा नवरा."

"मग आता घरी कोण आहे?"

"ठाव नाय," ताराबाई म्हणाल्या. "पन बरा मानूस हाय."

आकडा कमीच आला. दशांशाच्या एका टिंबाचा प्रश्न होता. टिंब एक घर सरकवलं असतं तर इंजेक्शन चालू राहिलं असतं, त्याची हाडं झिजली असती आणि ताराबाई रात्री झोपल्या असत्या. मी दहा मिनिटं कीबोर्डवर बोटं ठेवून बसलो. मग जो होता तोच आकडा छापला. ताराबाईंना म्हणालो, "मशीन लिहितं हो, मी नाही." ते खोटं होतं. त्यांनी रिपोर्ट घडी करून पिशवीत ठेवला आणि चहा टाकायला गेल्या.

खरं तेच लिहिलं, याचा अभिमान वाटायला हवा. मला भीती वाटत होती.

*

इंजेक्शन थांबलं. पुढे दर दोन महिन्यांनी हिराजीचं हॉर्मोन आम्ही बघत होतो. रिपोर्ट आला की ताराबाई कप हातात घेऊन यायच्या आणि विचारायच्या, "किती झाला?" मी सांगायचो. आधी काहीच नाही. मग बाईइतकं. मग बाईच्या वर, पण अजून लाल. साधारण आठव्या महिन्यात आकडा काळा छापून आला. नॉर्मल पुरुष.

"आला म्हनायचा," ताराबाई म्हणाल्या.

"हो."

त्यांनी कप विसळला आणि उपडा घातला.

त्यानंतर मी रोज सकाळी त्यांच्या कोपराकडे बघायचो. काही नाही. एक आठवडा, तीन आठवडे, दोन महिने, काही नाही. मला किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही. उलट त्या टवटवीत दिसत होत्या. काउंटरवर एक पेशंट रिपोर्टला उशीर झाला म्हणून आरडाओरडा करत होता, तेव्हा ताराबाई आतून आल्या आणि फक्त "बस" म्हणाल्या. तो बसला. आम्ही दिवसभर हसलो. त्यानंतर कधीतरी मॅडम स्वतःचा चहा स्वतः करून घ्यायला लागल्या. कधीपासून, ते आठवत नाही. ताराबाईंना काही काम सांगायचं असलं की शिरीष म्हणायचा, "तुम्ही सांगा ना."

वर्षातून एकदा आमच्या सगळ्या स्टाफचं रक्त तपासायची मॅडमची पद्धत आहे. ताराबाईंची ट्यूब मी जरा जास्त लक्ष देऊन लावली. पुरुषाचं हॉर्मोन त्यांच्या वयाच्या बाईचं असतं तेवढंच होतं, म्हणजे जवळजवळ नाहीच. दुसऱ्यांदा लावलं. तेवढंच. रिपोर्टमध्ये लाल काहीही नव्हतं.

परवा बुधवारी, अकराच्या सुमाराला, ताराबाई दूध आणायला खाली गेल्या होत्या. मी मान वर केली तर समोर हिराजी उभा. जिन्यात काहीच वाजलं नव्हतं. रबरी चपलांतून तो कधी आला ते कळलंच नाही. नेहमीचं रक्त द्यायला आला होता. मी त्याला खुर्चीत बसवलं, दंडाला रबरी पट्टा बांधला आणि शीर शोधू लागलो. कोपराजवळ काळंनिळं होतं, चार बोटं रुंद. गेल्या वेळी मी रक्त दुसऱ्या हाताचं घेतलं होतं.

"हे काय झालं, काका?"

"दाराला लागला," हिराजी म्हणाला आणि बाही खाली ओढायला लागला.

मी सुई घातली. रक्त ट्यूबमध्ये चढत होतं. सहज विचारल्यासारखं विचारलं, "राग येतो का हो आता? पूर्वीसारखा?"

"येतो का," तो म्हणाला. "पयल्यासारखाच येतो. हितपत्तूर येतो." त्याने मोकळा हात छातीवर ठेवला.

"मग?"

तो सांगणार होता, तोंड उघडलं होतं त्याने. तेवढ्यात खाली जिन्यावर खिळे वाजले. खट. मग एक फरफट. खट. फरफट. शिरीषने मोबाईल ड्रॉवरमध्ये टाकला. मॅडम फोनवर बोलत होत्या, त्यांचं वाक्य अर्ध्यात राहिलं. बाकावरचे पेशंट, ज्यांना यातलं काही माहीत नव्हतं, तेही गप्प झाले.

हिराजीने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मान तिरकी करून तो ऐकत होता. चपला पहिल्या मजल्याचं वळण घेऊन वर आल्या.

"डावा जड पडतंय," तो अगदी हळू म्हणाला. "आज कोनी बोलू नका."

मी सुई काढली, बोळा दाबून धरला. आम्ही कोणीच बोललो नाही.